पेल्याखालची चकती

सर बूट घालून लॅबमध्ये आले.

तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं की आज काहीतरी फुटणार. कारण आमच्या लॅबमध्ये बूट चालत नसत. दारावर पाटीच होती, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. धूळ आत येते, मशिनं मरतात. विद्यार्थी आपल्या चपला दाराबाहेरच्या रॅकवर ठेवत. मी माझ्या चपला मागच्या जिन्यावर काढत असे, कारण रॅकवर ठेवायच्या नाहीत असं मला एकटीला वेगळं सांगितलं होतं. सर स्वतः पांढरे मोजे घालून मांजरासारखे फिरायचे. आणि त्या दिवशी टाचेला नाल मारलेले काळे बूट. खट. खट. खट. सगळ्या वर्गाच्या माना वळल्या.

त्यांच्या हातात माझ्या फ्लॉप्या होत्या. रबराने बांधलेला गठ्ठा.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तुझं?" सर हसले. "तुझं काय आहे गं इथे?"

पहिली फ्लॉपी त्यांनी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर टाच मारली.

फ्लॉपी सहज मरत नाही, बरं का. आजच्या पोरांना माहीत नसेल, म्हणून सांगते. आधी तिची पत्र्याची झडप उडते. मग प्लॅस्टिकला तडा जातो, हाड मोडल्यासारखा आवाज येतो. मग आतली तपकिरी चकती बाहेर लोंबते. जिभेसारखी. सरांनी दुसरी टाकली. तिसरी. मग मोजायचं सोडूनच द्या, सरांना लय सापडली होती. शिकवणाऱ्या प्राजक्ता मॅडम फळ्यापाशी खडू धरून उभ्या. मी भिंतीशी उभी. उभीच असायची मी तिथे.

शेवटी त्यांनी खिशातून एक सीडी काढली. तिच्यावर कॉफीच्या पेल्याचा गोल डाग पडलेला होता.

"आणि ही? ही माझ्या टेबलावरची. चोर!"

थांबा. इथे मी तुम्हाला थांबवणार. हातात सीडी, पायाखाली फ्लॉप्या, असे सर तिथेच उभे राहू देत. त्यांनी मला वर्षभर उभं ठेवलं होतं, थोडा वेळ त्यांनाही उभं राहू द्या.

मी नागपूरची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि बेंगळुरूला मावशीकडे आले. काका महादेवपुऱ्याला कारखान्यात होते. तेव्हाचं महादेवपुरा म्हणजे कारखान्यांचे भोंगे, नीलगिरीची झाडं आणि तांबडी धूळ. नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. सगळं शहर कॉम्प्युटर शिकायला निघालं होतं. ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या, त्याने क्लास काढला. असाच एक क्लास बसवनगुडीत. तिथे लॅब असिस्टंट हवी होती. मी दोन बस बदलून गेले.

नाव ऐकल्याबरोबर सर खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, आपलीच की! मराठी! आई, खाली ये, बघ कोण आलंय!"

सरांचं घराणं तीनेकशे वर्षं इकडचं. त्यांची मराठी म्हणजे जुन्या ट्रंकेतला शालू, मधे मधे कन्नडची ठिगळं. घर क्लासच्याच वरच्या मजल्यावर. त्यांची आई खाली आली. सगळे तिला अज्जी म्हणत. नऊवारी, नाकात चमकी, चेहरा गोड. तिने माझ्या गालाजवळ हात नेला, आणि सरांनी तेवढ्यात विचारलं,

"नागपूरचे तुम्ही. कुलदैवत कुठलं?"

"कुलदैवत नाही."

"नाही म्हणजे? असतंच की गं प्रत्येकाला."

"आमच्या गल्लीत विहार आहे. बुद्धविहार."

अज्जीचा हात हवेतच थांबला, मग पदर नीट करायला गेला. सर अर्धे उठले होते ते पूर्ण बसले.

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. "सरी, सरी. स्वल्प बाहेर थांब."

तरी नोकरी मिळाली. डिप्लोमा झालेली आणि एवढ्याशा पगारात झाडूसुद्धा मारणारी दुसरी कुठे मिळणार? नियम मात्र मला वेगळे. चपला मागच्या जिन्यावर. डबा सामानाच्या खोलीत. मशिनं पुसायची, चालू करायची, बंद करायची, पण उभ्यानं. "खुर्ची स्टुडंट्ससाठी आहे," सर म्हणाले. मी डिप्लोमावाली बाई कंबरेत वाकून की-बोर्डवर आज्ञा टाईप करायची आणि सतरा वर्षांचं पोरगं खुर्चीत रेलून माझ्याकडे बघायचं. वर्षभरात माझ्या पाठीला जो बाक आला, तो डॉक्टर म्हणाले वयाचा आहे. डॉक्टरांना काय माहीत!

आता चकती.

सरांकडे कॉम्प्युटरचं एक मासिक टपालाने यायचं. वाचायचे नाहीत, टेबलावर पसरून ठेवायचे, आलेल्या पालकांना दिसावं म्हणून. एकदा त्यासोबत सीडी आली. पाकिटावर लिहिलं होतं, लिनक्स, संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, मोफत. सरांनी ती उलटसुलट केली. "मोफत?" म्हणाले. "फुकट मिळतं ते भिकाऱ्याचं." आणि कॉफीचा स्टीलचा पेला तिच्यावर ठेवला. टेबलाची काच खराब होत नाही म्हणून खूश झाले. पुढे कित्येक दिवस एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम सरांच्या कॉफीच्या पेल्याचं बूड पुसत होती.

रोज सकाळी क्लास मी उघडायची. सर पूजा आटोपून उशिरा खाली यायचे. त्या वेळात त्यांची केबिन पुसायची. एके दिवशी मी पेला उचलला, सीडी ओढणीला पुसली आणि सरांच्या मशिनमध्ये घातली. सीडी वाचणारं तेवढं एकच मशिन होतं आमच्याकडे.

आत फाईलींचं जंगल होतं. माझी इंग्रजी तेव्हा लंगडी. पण लंगडत लंगडत मी पहिली जी फाईल वाचली ती होती परवान्याची. का सांगू? मला बघायचं होतं, हे कुणी घ्यायचं नाही असं लिहिलंय. कुठे ना कुठे असतंच ते. विहिरीवर असतं, देवळावर असतं, चपलांच्या रॅकवर असतं. मी खाली खाली वाचत गेले. वापरा. कॉपी करा. उघडून बघा. बदला. दुसऱ्याला द्या. देताना त्यालाही हेच सगळे हक्क द्या. कुणी घ्यायचं नाही, ते कुठेच सापडलं नाही. शेवटपर्यंत गेले, पुन्हा वर आले. नव्हतंच.

मला राग आला. आश्चर्य वाटेल तुम्हाला, आनंद नाही झाला, राग आला. म्हणजे असंही लिहिता येतं तर! कुणीतरी परदेशात बसून असं लिहू शकतं, आणि इथे माझ्या दोन चपलांना रॅकवर जागा लिहिता येत नाही!

त्या दिवसापासून मी ठरवलं, हे माझ्या हातात यायला हवं.

पण कसं? इंटरनेट म्हणजे आमच्यासाठी मासिकातला शब्द. मोठ्या कंपन्यांत असायचं म्हणे. विचारायला कुणी नाही, उतरवून घ्यायला तार नाही. होत्या फक्त फ्लॉप्या. विद्यार्थ्यांनी खराब झाल्या म्हणून टाकून दिलेल्या, एका खोक्यात पडलेल्या. मी त्या एकेक तपासल्या. ज्यांच्यात थोडा जीव होता त्या पुसल्या, फॉरमॅट केल्या आणि सीडीवरचं सामान तुकड्या-तुकड्यांनी त्यांच्यावर उतरवायला लागले. सकाळी दोन-तीन व्हायच्या. वर अज्जीची घंटा वाजायला लागली की पूजा संपत आली, असं समजायचं. सीडी बाहेर, पेला पुन्हा तिच्यावर, आणि मी फडकं हातात घेऊन आज्ञाधारक उभी. अहो, देवाची घंटा माझी पहारेकरीण होती!

हे सगळं टाकायला मशिन होतं सामानाच्या खोलीत. जिथे झाडू, फिनेल आणि माझा डबा, तिथेच एक जुनं, मागच्या पिढीचं ३८६ टाकलेलं. पडदा काळा-पांढरा, की-बोर्डची दोन बटणं गेलेली. अर्थिंगचा पत्ता नव्हता. पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत सणकन झटका. सुरुवातीला मी किंचाळायची, नंतर शिवी द्यायची, नंतर सवय झाली. इतर ठिकाणी मला शिवायला लोक घाबरत, इथे मशिन मला शिवून बदला घेत होतं. मी उलट्या बादलीवर बसायची. माझी खुर्ची तीच.

पहिल्यांदा त्याच्यावर सिस्टिम टाकायला गेले तेव्हा मधल्या एका फ्लॉपीवर अडलं. ड्राइव्ह असा करकरला की जणू दात खातोय. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी वेगळीच फ्लॉपी मेली. विचारणार कोणाला? प्राजक्ता मॅडम मागच्याच वर्षी पुण्याहून आलेल्या, शिकवायच्या उत्तम, पण त्यांनाही हे नवीन. मग मला सापडलं की सीडीतच माहितीचे कागद भरलेले आहेत, आणि आत प्रत्येक आज्ञेची माहिती विचारायचीही सोय आहे. माणसांना प्रश्न विचारायची मला तिथे परवानगी नव्हती. मशिनला होती. मी विचारत सुटले.

आणि एके दुपारी डबा खाताना पडदा भरभर सरकला, थांबला, आणि एकच शब्द उभा राहिला. लॉगिन. तू कोण, असं विचारत होता तो. फक्त नाव. आडनाव नाही, गाव नाही, कुलदैवत नाही.

मी पोळी हातात धरून हसले. खूप हसले. इतकी की प्राजक्ता मॅडम डोकावल्या.

"अय्या! हे इथे रन केलंस तू? ह्या डब्यावर? कॉलेजमध्ये आमचे लोक नुसतं बोलायचे गं ह्याबद्दल. यू आर टू मच!"

"मॅडम, सरांना सांगू नका."

"वेडी आहेस का? आय प्रॉमिस."

त्यांनी खरंच सांगितलं नाही. वाईट नव्हत्या त्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग माझे दिवस सुरू झाले. त्या सिस्टिममध्ये सगळ्यात वरच्या मालकाला रूट म्हणतात. त्याला सगळी दारं उघडी. लॅबमधल्या मशिनांचे पासवर्ड सर आपल्या मनगटाआड टाईप करायचे. इथे रूटचा पासवर्ड मीच ठेवला. आणि त्यात किल नावाची आज्ञा! एखादं काम ऐकेना की आधी त्याला सांगायचं, बाबा रे, थांब. तरी ऐकेना, तर नऊ आकडा लावून थेट मुंडकं. मी मुद्दाम कामं सुरू करायची आणि त्यांना मारायची. दिवसभर मान खाली घालून वागलेली बाई जेवणाच्या सुट्टीत बादलीवर बसून कत्तल करायची. काय भूक लागायची त्यानंतर! सिस्टिमचा गाभा पुन्हा बांधायला घातला तर ते म्हातारं मशिन अख्खा दिवस घरघरत राहायचं. मी लॅबमध्ये झाडू मारत असे आणि भिंतीपलीकडे माझं काम चालू असे. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी राबत होतं.

मग दसरा आला.

दसरा आमचाही असतो. नागपूरला त्या दिवशी दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र लोटतो, पांढऱ्या कपड्यांचा. आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आई त्याला नवा हार घालते आणि आम्ही निघतो. त्या वर्षी मी सुट्टी मागितली.

"दसऱ्याला?" सर म्हणाले. "आदल्या दिवशी आयुधपूजा. मशिनं धुवून-पुसून कोण ठेवणार?"

ठेवली. प्रत्येक मशिन लखलखीत केलं. पूजेच्या दिवशी आत पाऊल टाकणार तर सर म्हणाले, "झालं ना काम? आज आत नको. सोवळ्यातलं आहे."

मी काचेबाहेर उभी. बेंगळुरूला ज्यांनी आयुधपूजा बघितली नाही त्यांना काय सांगू. रिक्षांना केळीचे खुंट, बसला झेंडूच्या माळा, कानशीला कुंकू, पान्याला कुंकू. आणि आमच्याकडे मशिनांना. अज्जी वाटीत ओलं हळद-कुंकू कालवून एकेका मशिनसमोर जात होती. कपाळ कुठलं ते तिला कळलं, पडद्याच्या वरती. मग तिने विचारलेलं मला काचेतून स्पष्ट ऐकू आलं.

"अण्णा, ह्याचं तोंड कुठलं रे?"

सरांनी कौतुकाने फ्लॉपीची फट दाखवली. "हे, आई. इथूनच सगळं खातं ते."

मग काय! आजी शेवटी आजीच. तिने त्या फटीला बोटभर कुंकू चोपडलं, आणि नैवेद्याच्या चुरमुऱ्यांतले चार दाणे आत ढकलले. एका मशिनला भरवलं तर दुसऱ्याने काय पाप केलं? सगळ्यांना भरवलं. गालातल्या गालात हसत, नातवंडांना भरवावं तसं. खरं सांगते, त्या क्षणी मला ती फार आवडली. अख्ख्या लॅबमध्ये मशिनची भूक तिला एकटीलाच कळली होती. माझी नाही कळली, ते सोडा.

नंतर दारात कोहळा फोडायचा होता. वर भोक पाडून आत कुंकू भरलेला, दृष्ट काढून रस्त्यावर आपटायचा. सरांच्या खांद्यात उसण भरलेली. पुरुष कुणी दिसेना.

मी म्हटलं, "मी फोडू?" चेष्टाच केली.

अज्जीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "शिव शिव! बाईनं कोहळा फोडायचा नसतो गं. आणि तू तर..."

वाक्य तिने पूर्ण केलं नाही. वाक्यं अशी अर्धी सोडायची पद्धत असते. उरलेलं आपण घरी नेऊन पूर्ण करायचं. शेवटी समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली. त्याने गरगर फिरवून आपटला. रस्ता लालभडक. जणू कुणाचं डोकं. दुसरा एक नवा कोहळा, राक्षसाचं तोंड रंगवलेला, दोरीला बांधून क्लासच्या दारावर टांगला, वर्षभर दृष्ट झेलायला.

दुसऱ्या दिवशी आई नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. मी महादेवपुऱ्याला मावशीच्या अंगणात बसून राहिले. मावशी म्हणाली, "जाऊ दे ना बाप्पा, नोकरी हाय." मीही म्हटलं, जाऊ दे.

त्यानंतर क्लास उघडला, आणि एकही मशिन फ्लॉपी वाचेना. करकर, खरखर, लाल दिवा. पोरांच्या फ्लॉप्या आत जात आणि लाल होऊन बाहेर येत. सर घामाघूम. कुणीतरी म्हणालं, व्हायरस. त्या काळात तो शब्द प्लेगसारखा होता. सर व्हायरस शोधत निघाले. शोधत शोधत सामानाच्या खोलीत गेले. तिथे काळ्या पडद्यावर माझं लॉगिन लुकलुकत होतं, बाजूला गठ्ठा, आणि त्यात त्या सकाळी परत ठेवायची राहिलेली सीडी.

चला. आता सरांना सोडवू या. पाय दुखले असतील त्यांचे.

"चोर!" सर म्हणाले. "ह्या फुकटच्या घाणीने माझी सगळी मशिनं मारली!"

आणि त्यांनी सीडी दोन्ही हातांत धरून मोडली.

सीडी कागदासारखी मोडत नाही. फुटते. चिलटांसारखे तुकडे उडाले आणि सरांचा अंगठा चिरला. भळाभळा रक्त. स्वतःचं रक्त बघून ते आणखी भडकले.

मी म्हटलं, "सर, व्हायरस नाही. कुंकू आहे. फटीत कुंकू आणि चुरमुरे गेलेत. मी काचेतून बघितलं." आणि जवळच्या पोराची फ्लॉपी उचलून दाखवली. झडपेवर लाल बोट होतं.

खरं बोललं की सुटका होते, असं मला शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांनी सगळं शिकवलं नव्हतं.

"देवाचं कुंकू मशिन बिघडवतं? माझी आई बिघडवते? तू बोलणार?"

थोबाडीत बसली. पूर्ण हाताची. माझं डोकं भिंतीवर आपटलं, दात ओठात घुसला. कानात भोंगा वाजायला लागला, महादेवपुऱ्याच्या कारखान्यासारखा. गालाला ओलं लागलं म्हणून मी हात लावला. रक्त माझं नव्हतं. त्यांचं होतं, अंगठ्याचं. माझ्या चपलेची सावली ज्या माणसाला चालत नव्हती, त्याचं रक्त माझ्या गालावर वाळत होतं. माझ्या तोंडात माझं, गालावर त्यांचं. विटाळाचा हिशेब आता कुणी करायचा?

आवाज ऐकून अज्जी खाली आली. दारातच थांबली.

सर म्हणाले, "वाक. हे तुकडे उचल. मग अज्जीच्या पाया पड."

मी हलले नाही.

सरांना काहीतरी आठवलं. घाईने म्हणाले, "हात लावू नकोस. लांबूनच पड."

लांबूनच.

वर्गात एक पोरगं फिसकन हसलं. प्राजक्ता मॅडम माझ्याजवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "जस्ट सॉरी म्हण ना गं. मॅटर क्लोज. जॉब जाईल तुझा." मघाशी म्हटलं ना, वाईट नव्हत्या त्या. त्यांनीही अज्जीला मशिनांना भरवताना बघितलं होतं. त्या आत होत्या पूजेला. त्यांच्या हातात खडू होता, बोलल्या असत्या तर कुणी त्यांच्या थोबाडीत मारली नसती. वाईट नसलेली माणसं अशी खडू धरून उभी असतात, म्हणून सरांना हात उचलता येतो. हे मला त्या दिवशी कळलं. माझी खरी शिकवणी तिथे झाली, फीशिवाय.

मी वळले आणि मागच्या जिन्यावर गेले. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. मी चपला घातल्या. रबरी, पट्टा शिवलेल्या. आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराने आले. दारावर कोहळा टांगलेला होता, राक्षसाची जीभ बाहेर. रॅकवर पाय देऊन चढले. दोरीला हिसका मारला. तुटेना. पुन्हा मारला, दोरी तळव्यात रुतली, साल गेली. तिसऱ्या हिसक्याला तो माझ्या छातीवर कोसळला. तान्ह्या मुलाएवढा जड.

तो घेऊन मी लॅबमध्ये गेले. चपला घालून. चट. चट. चट. सरांच्या खट खटपेक्षा गरीब आवाज, पण ऐकू सगळ्यांना आला.

अज्जी ओरडली, "अगं, बाईनं..."

मी सरांच्या समोर उभी राहिले आणि कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. सरांचं डोकं माझ्या हातांच्या बरोबर खाली. त्या क्षणी काय काय होऊ शकतं, ते सगळ्यांना दिसलं. सरांनाही दिसलं. त्यांनी जखमेचा हात कपाळावर धरला, आणि मान खाली घातली. वर्षभर मी ज्या कोनात मान घालत होते, त्याच कोनात. किल. नऊ आकडा. बोटाशी होता.

आणि तेव्हा मला लख्ख कळलं की ह्या माणसाला मारून माझं काहीही होणार नाही. मला ते डोकं नको होतं. मला ती खुर्ची हवी होती.

मी कोहळा त्यांच्या बुटांवर आपटला.

काय फुटला! ताजा, टणक. बॉम्बसारखा. गर, बिया, पाणी, सरांच्या पँटवर, मोडलेल्या फ्लॉप्यांवर, अज्जीच्या पदरावर. सर मागे सरकले ते घसरून बसले. जमिनीवर. पोरांनी खुर्चीतच पाय वर घेतले. अज्जी पुटपुटायला लागली.

मी म्हटलं, "दृष्ट काढली. आता मशिनं चालतील."

मग पहिल्या रांगेतल्या एका पोराला म्हटलं, "ऊठ." तो उठला. त्याची खुर्ची मी ओढत नेली. लॅबभर तिची चाकं कुरकुरत होती. सामानाच्या खोलीत नेली, बादलीला लाथ मारून बाजूला केली, आणि बसले. पाठ टेकून. पायात चपला. रूट म्हणून आत गेले. माझं मशिन मी माझ्या हाताने, नीट, पद्धतशीर बंद केलं. घाई केली नाही. पडद्यावर सिस्टिम थांबल्याची ओळ आली तेव्हाच उठले. माझ्यामागे त्यांनी ते पुसलं असणार. पुसणारच. पण चालू असताना त्याचा गळा आवळायची संधी मी त्यांना दिली नाही.

नोकरी गेली. सीडी गेली, फ्लॉप्या गेल्या. प्राजक्ता मॅडम दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी गं." मी म्हटलं, "आत म्हणायला हवं होतं, मॅडम. इथे रस्ता आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. ते मासिक मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधलं, बहुतेकांतली सीडी गायब असायची. शोधत राहिले. सापडली. पुन्हा टाकून दिलेल्या फ्लॉप्या, पुन्हा तुकडे-तुकडे, पुन्हा मधेच मरणारी एखादी. आज बनशंकरीला माझी स्वतःची जागा आहे, दोन खोल्यांची. अजूनही येतात पोरं, ज्यांच्या घरी इंटरनेटची तार पोचलेली नाही. त्यांना मी कॉपी करून देते. आडनाव विचारत नाही, आणि कुणी दुसऱ्याचं विचारलं तर त्याला बाहेर काढते. माझ्याकडे चपला काढायच्या नाहीत. धूळ येते. येऊ दे, मी पुसते. उभ्यानं की-बोर्डला हात लावायला मात्र सक्त मनाई.

लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून द्या. सर आता थकलेत म्हणे. चांगलं आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणार नाही. दात घुसला तिथे माझा ओठ आतून अजून वर आलेला आहे, जीभ रोज लागते. ज्या दिवशी ह्या शहरात एखादी मुलगी भिंतीशी उभी राहून खुर्चीतल्या पोराला शिकवत नसेल, त्या दिवशी बघू.

तोवर माझ्या दारावर एक कोहळा टांगलेला असतो. शेजारणी विचारतात, दृष्टीसाठी का हो अक्का?

नाही. फोडण्यासाठी.